विक्रोळी सोडून पुनावळे?

*ताई, मी एकोणचाळीस वर्षांची, फोर्टमधल्या एका विमा कंपनीत चौदा वर्षं नोकरी करते. आम्ही विक्रोळीत कन्नमवारनगरला वन रूम किचनमध्ये राहतो. मी, मिस्टर, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७१. मिस्टर आयटीत आहेत. आजवर ऐरोलीला जायचे, आता कंपनीने हिंजवडीला बोलावलंय. ते म्हणतात, इथलं घर विकू आणि पुनावळ्याला टू बीएचके घेऊ. बांधकाम चालू आहे, नव्वद लाख सांगतायत. लिफ्ट, बाग, पार्किंग सगळं आहे. तुझी बदली होईपर्यंत तू डेक्कन क्वीनने अप-डाऊन कर, हजारो लोक करतात, असं त्यांचं म्हणणं. मला मुंबई सोडवत नाही. पण खरं सांगते, लग्न झाल्यापासून मी साडी बाथरूममध्ये बदलतेय. मलाही एक दार हवंय. सोसायटीत पुनर्विकासाचं घाटतंय, पण आठ वर्षं नुसतंच घाटतंय. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, ‘तुम्ही ठरवाल तसं.’ कायमचं राहायला कुठलं शहर चांगलं, मुंबई की पुणे?*

*कन्नमवारनगरची एक सून*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा साडीच्या वाक्यापाशी थांबले. म्हणून आधी तेच. मी गिरगावात चाळीत वाढले. आई कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला लुगडं बदलायची आणि आम्ही भावंडं भिंतीकडे तोंड करून बसायचो. त्यामुळे ‘दार हवंय’ म्हणजे काय, हे मला समजावून सांगायला नको. जागेसाठी जीव घुसमटतो हे म्हणताना तुम्हाला ‘खरं सांगते’ अशी सुरुवात करावी लागली, याचंच मला वाईट वाटलं. ते दार तुम्हाला मिळालं पाहिजे. त्यासाठी काय काय सोडावं लागेल, एवढंच बघायचं आहे.

आता माझं सांगते. २००९ साली यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला गेलो, धायरीच्या बाजूला, नव्या सोसायटीत. तीन खोल्या, दोन बाल्कन्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसायची. मुलगी सहावीत होती. आई आमच्याबरोबर आली, तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती.

गिरगावात आईचा दिवस बांधलेला असायचा. सकाळी दूध, मग भाजी, मग देऊळ, दुपारी वाचनालय, संध्याकाळी पाय बरे असतील तर चौपाटी. कुणाला सांगून जायची नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. धायरीला पहिल्या महिन्यात तिने भाजीला जाऊन बघितलं. गेटपासून बाजार सव्वा किलोमीटर, रस्त्याला फुटपाथ नाही, शेजारून वाळूचे ट्रक. एक दिवस कुणाच्या तरी दुचाकीचा आरसा तिच्या कोपराला लागला. पडली नाही, पण परत गेलीही नाही. मग सकाळचा चहा झाला की ती विचारायला लागली, ‘आज कुणी बाहेर जाणार आहे का?’ कधी कोथिंबीर हवी असायची, कधी पोस्टात काम असायचं. कधी काहीच नसायचं, तरी विचारायची.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी चपलांचं कपाट रिकामं केलं. आईच्या चपलांवर धुळीचा थर होता, बोटाने रेघ ओढता येईल एवढा. मी त्या चपला हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले. तिने एका शब्दाने तक्रार केली नव्हती. पुण्याला जायचं ठरलं तेव्हा तीही म्हणाली होती, ‘तुम्ही ठरवाल तसं.’

म्हणून तुमच्या सासूबाईंचं ते एक वाक्य मी होकार म्हणून वाचत नाही.

पण त्याच घरात माझी मुलगी फुलली, तेही तितकंच खरं. तिला पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं. मैत्रिणींबरोबर सिंहगड चढायला लागली, शाळेतून आल्यावर खेळायला मैदान होतं, उन्हाळ्यातसुद्धा रात्री पंखा बारीक करून झोपायची. सहा वर्षांनी आम्ही मुलुंडला परत आलो तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. आजही तिला विचारलंत तर ती पुणंच म्हणेल. एकाच घरातल्या एकाच मजल्यावर आजीला कोंडवाडा झाला आणि नातीला पंख फुटले. म्हणून ‘कुठलं शहर चांगलं’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. घरात कुणाला कुणावर अवलंबून न राहता बाहेर पडता येईल, हे विचाराल तर त्याचं उत्तर शोधता येतं.

हा फरक का पडतो, तेही सांगते. मुंबई आधी रुळांवर वाढली. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली, आणि तुमच्या विक्रोळीवरून जाते ती तीच लाइन. पुढे वस्ती वाढली ती स्टेशनं धरून, आणि स्टेशनाबाहेर बाजार, दवाखाना, बँक, देऊळ, शिंप्याचं दुकान. म्हणून मुंबईत गाडी नसलेल्या माणसाचं कधी अडत नाही. पुण्याच्या पेठाही अशाच पायी चालायच्या. नारायण पेठेतल्या आजीला आजही रिक्षा लागत नाही. पण आयटीतली माणसं जिथे घरं घेतात ते पुणं वेगळं आहे. तिथे शेतजमिनीवर आधी इमारती उभ्या राहिल्या. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा गावं आली, २०२१ साली आणखी तेवीस. तोवर तिथे माणसं राहायला आलेली होती. रस्ता, पाणी, ड्रेनेज मागून. अशा ठिकाणी घरटी दोन दुचाक्या आणि एक चारचाकी ही गरज होऊन बसते. ज्याला चालवता येत नाही, तो घरात.

पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत बरंच आधी आलंय, पण जात तीच. मोठे टॉवर, मधे रिकामे प्लॉट, आणि बंगळुरू हायवेखालून पलीकडे जायचं तर भुयारी मार्गाशी थांबायचं. मेट्रोचं नाव ब्रोशरमध्ये असेलच. हिंजवडी ते शिवाजीनगर ही मार्गिका वाकड, बालेवाडी, बाणेरवरून जाते. पिंपरी ते स्वारगेट ही दुसरी मार्गिका दापोडी, खडकीवरून. पुनावळ्याला दोन्ही नाहीत. स्टेशनपर्यंत गाडीनेच जावं लागणार असेल, तर तुमच्या सासूबाईंसाठी ती मेट्रो असून नसल्यासारखी.

पाण्याचं मात्र मिस्टरांना नक्की विचारायला लावा. पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी येतं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं. नव्या सोसायट्यांत उरलेली गरज टँकर भागवतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात. सेल्स ऑफिसातल्या मुलाला विचारू नका. दोन वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या शेजारच्या सोसायटीत जा, तिथल्या सेक्रेटरींना भेटा आणि एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं दाखवा म्हणा. माणसं दाखवतात. त्यांनाही कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, असं वाटत असतं. तुमच्याकडे भांडुपच्या केंद्रातून शुद्ध झालेलं पाणी ठरलेल्या वेळेला नळाला येतं. त्याची सवय झालीय म्हणून ते दिसत नाही.

मी मुंबईची बाजू घेते आहे असं वाटेल, तर तसंही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात सरासरी अख्ख्या वर्षातही एवढा पडत नाही. त्या रात्री मी ऑफिसातल्या टेबलावर डोकं ठेवून बसले होते आणि घरी मुलगी शेजाऱ्यांकडे होती. दर पावसाळ्यात एकदा तरी पोटात तो गोळा येतो. तुम्हालाही येत असेल, कारण कुर्ला-सायनला पाणी भरलं की तुमची लाइनच पहिली बंद पडते. पुण्यात गेल्यावर ही एक धास्ती मात्र खरोखर गेली.

आता डेक्कन क्वीन. ‘हजारो लोक करतात’ हे खरं आहे. १९३० पासून ती गाडी धावतेय आणि तिच्यातले पासवाले एकमेकांची लग्नकार्यं करतात एवढा घरोबा आहे. पण तुमचा दिवस मांडून बघू. गाडी पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. पुनावळे ते पुणे स्टेशन वीसेक किलोमीटर, म्हणजे सहाच्या आधी घर सोडायचं, म्हणजे साडेचारला उठायचं. सीएसएमटीला पोचायला साडेदहाला पाच मिनिटं कमी. तुमचं ऑफिस दहाचं असेल तर रोज लेट मार्क. परतीची गाडी पाच-दहाला. ती गाठायची तर साहेबांकडून रोज लवकर सुटायची परवानगी हवी. पुण्याला उतरायला जवळजवळ साडेआठ, घरी साडेनऊ. एका बाजूने रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर, म्हणजे रोज ३८४. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी रद्द. असं करणाऱ्या बायका मी बघितल्यात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि त्यांच्यातल्या एकीनेही मला ‘तू पण कर’ असं कधी सांगितलं नाही. नवं घर घेऊन तुम्हाला हवं असलेलं दार मिळेल, पण त्या दाराआड तुम्ही फक्त झोपायला असाल. यात मुलाला आई रविवारीच भेटेल आणि सासूबाई दिवसभर त्या टॉवरमध्ये एकट्या. मिस्टरांना हा हिशेब कागदावर लिहून दाखवा. त्यांनी मुद्दाम वाईट सुचवलं असेल असं मला वाटत नाही; ऐरोलीला पंचवीस मिनिटांत पोचणाऱ्या माणसाला हे डोळ्यांसमोर येत नाही, इतकंच.

पैशांचंही बघा. नव्वद लाखांच्या घरावर तिकडे मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे सहा लाख तीस हजार. नोंदणीचे तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, साडेचार लाख. अकरा लाखांच्या वर गेले, अजून पंखा लावलेला नाही. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी होतं, नव्वद हजार वाचतात; नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. हे बऱ्याच घरांत बोललंच जात नाही. तुम्ही बोला.

विक्रोळीचं घर मात्र विकू नका. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल मी तुमच्याशी चर्चा करेन, याबद्दल नाही. मुंबईतून पुण्याला जाणं सोपं आहे. पुण्याचं घर विकून कन्नमवारनगरला परत यायचं म्हटलंत तर तीच खोली परवडणार नाही. शिवाय पुनर्विकास. आठ वर्षं नुसतं घाटतंय हे खरं, आणि बिल्डरच्या शब्दावर विसंबून राहा असं मी म्हणत नाही. पण कुठपर्यंत आलंय ते तरी विचारा. एक्कावन्न टक्के सभासदांची संमती झाली का? विकासक निवडायला निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सर्वसाधारण सभा झाली का? की कुणीतरी गणपतीत येऊन पेढे वाटून गेला एवढंच? सभा झाली असेल तर आज घर विकणं म्हणजे इतक्या वर्षांचं फळ दुसऱ्याच्या पदरात टाकणं. त्या नव्या इमारतीत बेडरूम असेल, तिला दार असेल, आणि खाली उतरलं की सासूबाईंचा तोच भाजीवाला असेल.

आणि सभा झालीच नसेल तर? तर दारासाठी आणखी दहा वर्षं थांबा असं मी म्हणणार नाही. सोसायटीला कळवून, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून ही खोली भाड्याने द्या, त्यात थोडी भर घाला आणि भांडुप किंवा कांजूरला बेडरूम असलेलं घर भाड्याने घ्या. पुनर्विकासाची नोटीस आली तर भाडेकरूने अमुक दिवसांत जागा सोडायची, हे करारात लिहून घ्या. स्वतःचं घर असताना भाड्याने कशाला राहायचं, असं घरातले म्हणतील. म्हणू द्यात. लग्नापासून थांबलाय तुम्ही.

मिस्टरांनी हिंजवडीला जावं. पहिले सहा महिने त्यांनी एकट्याने वाकडला सहकाऱ्यांबरोबर खोली घेऊन राहावं, सोमवारी पहाटे जावं, शुक्रवारी रात्री यावं. चेंबूरच्या मैत्री पार्कहून पुण्याच्या गाड्या मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांतून वाकडला हायवेवरच उतरता येतं. त्यांच्या कामाची ही जागा टिकते की वर्षभरात कंपनी पुन्हा कुठे पाठवते, तेही तेवढ्यात कळेल. तोवर तुम्ही बदलीचा अर्ज टाका. ऑर्डर हातात आल्याशिवाय मुलाच्या शाळेतून दाखला काढू नका. राज्य मंडळाची पुस्तकं दोन्हीकडे तीच, त्यामुळे सहावी-सातवीत जून महिन्यात शाळा बदलली तर मुलगा सावरेल. नववीच्या आसपास मात्र हलवू नका.

आणि ऑर्डर आली, सगळ्यांनी जायचं ठरलं, तर पुनावळ्याऐवजी चिंचवडगाव किंवा निगडी प्राधिकरण बघा. घर जुनं असेल, जिम नसेल, कदाचित लिफ्टही कुरकुरती असेल. पण चिंचवडला रेल्वे स्टेशन आहे, मोरया गोसावींचं मंदिर आहे, नाटकांना नाट्यगृह आहे, आणि घराबाहेर पडलं की माणसं चालताना दिसतात. हिंजवडी तिथून दहा-बारा किलोमीटर. मिस्टरांना थोडं जास्त जावं लागेल. त्यांच्याकडे गाडी आहे. आधी अकरा महिने भाड्याने राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. सासूबाईंना ‘कुठे राहायचं’ हे पुन्हा विचारू नका, त्या तेच उत्तर देतील. एक दिवस रजा टाका आणि सकाळपासून त्यांच्याबरोबर फिरा. त्या कुठे कुठे जातात, कुणाशी थांबून बोलतात, कुठल्या कट्ट्यावर टेकतात, गुडघ्याची गोळी कुठल्या दुकानातून घेतात, ते नुसतं बघा. मग पुढच्या आठवड्यात त्यांना पुनावळ्याला घेऊन जा. रविवारी जाऊ नका, रविवारी सेल्सवाले मांडव घालतात आणि रस्ताही मोकळा असतो. मंगळवारी-बुधवारी जा, सकाळी अकराच्या सुमाराला. त्यांची रोजची कापडी पिशवी बरोबर घ्यायला सांगा. गेटपाशी उभ्या राहा आणि त्यांना म्हणा, ‘आई, पाव किलो भेंडी आणि तुमची गोळी घेऊन या, मी इथे थांबते.’ आणि त्या दिवशी मिस्टरांची गाडी नेऊ नका, एसटीने जा.